डे ड्युटी लागली की सईला आणते

२३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी लागली. मी अजिबात घाबरले नाय, हे आधी लिहून ठेवते.

हॉस्पिटल डोक्याचं हाय. देवळाली कॅम्पच्या रस्त्याला, आतल्या बाजूला. बाहेरून शाळेसारखं दिसतं, आत गेल्यावर नाय दिसत. मी लेडीज वॉर्डला मावशी. मावशी म्हणजे पेशंटला उठवायचं, अंघोळ घालायची, केस विंचरायचे, जेवू घालायचं, संडास धुवायचे. वय माझं तेवीस, तरी मावशीच.

ट्रेनिंगला डॉक्टर मॅडम होत्या. म्हणल्या, मनात साठवू नका, घरी जाऊन वहीत लिहा, कोणाला दाखवू नका. म्हणून लिहिते. आठवीपर्यंत शिकले, तेवढं पुरतं.

नियम सांगितले. काचेच्या बांगड्या नाय. पिन नाय. ओढणी गळ्यात नाय. पेशंटला आपल्या घरचं काय सांगायचं नाय. वॉर्डाला पाठ दाखवायची नाय. आणि बदलीची बाई आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाय, भूकंप झाला तरी. बदलीच्या बाईला इथं रिलीव्हर म्हणतात.

ठरवलं. महिनाभर असं काम करायचं की मोठ्या सिस्टर स्वतःहून म्हणतील, हर्षाली, तुला डे ड्युटी फिक्स. आत्ता कधी दिवस, कधी रात्र, त्यात दीड वर्षाचं लेकरू कोणाकडं ठेवणार. म्हणून सई सटाण्याला आईकडं हाय. डे ड्युटी लागली की सईला आणते. बाकी काय अडचण नाय.

आईला फोनवर सांगितलं हार्टचं हॉस्पिटल हाय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला दिवस. कायच झालं नाय. हात थरथरत होते, पण ते सकाळी चहा घेतला नाय म्हणून.

बायका चाळीसेक, मावश्या दोन. दुसरी कुसुमताई, लय जुनी. मी विचारलं तिसरी कुठं हाय, ट्रेनिंगला तर तीन सांगितल्या. ठेकेदाराचा सुपरवायझर संतोष म्हणला, तिसरी कागदावर हाय. कुसुमताई म्हणली, मग तिला सांग कागदावरचे संडास तू धू, खरे आम्ही धुतो.

मावश्यांना खुर्ची नाय. बसलं की झोप लागते असं ठेकेदाराचं म्हणणं.

पाठ दाखवायची नाय म्हणून मी वॉर्डातून निघताना उलटी चालत निघाले. तोंड पेशंटकडं, दोन्ही हात मागं, दार चाचपडत. कुसुमताई बघतच राहिली. इतकी वर्षं झाली, तिला हे सुचलं नसणार.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दाराजवळच्या खाटेवर भागीबाई असती. म्हातारी, सुरगाण्याकडची. कधी आली कोणालाच नीट ठाऊक नाय. घरचे येत नाय. डोळे असे की बघितलं की आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं.

आज मी उलटी निघाले तर तिनं उजवा हात वर केला. मारती की काय म्हणून मी खाली वाकले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मग अर्धं बिस्कीट दिलं.

म्हणजे कळलंय तिला की ही मावशी कडक हाय. बिस्कीट देऊन सांभाळून घ्यायला बघती. बिस्कीट मी खाल्लं नाय. बाहेर आल्यावर खाल्लं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आता मी निघाले की भागीबाई सगळ्यांना हाक मारती, निघाली गं, निघाली. मग बाकीच्या पण हात वर करतात. अख्खी लाइन. आठवड्यात एवढी शिस्त मी लावली.

कुसुमताई म्हणली, शिस्त कसली येडे. देवळातून पाठ न दाखवता निघतात तशी निघतीस तू. भागीबाईच्या अंगात यायचं गावाला, लोक पाया पडायचे. तिला वाटतंय इतक्या वर्षांनी कोणीतरी आपलं दर्शन घेऊन जातंय. तिचं बघून बाकीच्या पण आशीर्वाद देतात तुला.

जळजळ असती माणसाला. कुसुमताई खाटांमधून गेली तर कोणी हात वर करत नाय. दोन्ही हात डोक्यावर धरून खाली वाकतात. तिची शिस्त वेगळी दिसती.

१ मार्च, रविवार

आज सटाण्याला जायचं नक्की होतं. रिलीव्हर आली नाय. तिच्या नणंदेचं काहीतरी निघालं. संतोषला फोन केला तर म्हणला, ताई, ॲडजस्ट करा. त्याला तेवढा एकच शब्द येतो.

तसं ती आली असती तरी बस चुकलीच असती.

आईला फोन लावला. आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाती, सईला सोबत नेती. सई ढिगावर बसून कांदे फेकत होती, आवाज येत होता. आई म्हणली, पोर आठे बरी शे, तू बरी शे का? आई अहिराणीच बोलती. मी नाशिकला आल्यापासून सुधारले.

तू बरी शे का, हे ती दर फोनला विचारती. मला काय झालंय. बाळंतपणात मला झोप येत नव्हती, एवढंच झालं होतं. आणि भूक. आणि जरा रडू. आई म्हणती मी पोरीकडं बघायचे पण नाय. बघत होते. लांबून.

४ मार्च, बुधवार

अंघोळीचा दिवस. सगळ्यांच्या अंघोळी आम्हा दोघींना. गरम पाणी निम्म्यांना पुरतं, मग बाकीच्या नको म्हणतात आणि मारामारी आपल्याशी. हातमोजे मागितले तर संतोष म्हणला, तपासणीवाले यायचे असले की येतात. हातमोजे की तपासणीवाले, ते त्यानं सांगितलं नाय.

एका बाईनं मनगटापासून कोपरापर्यंत बोचकारलं. मी शांत राहिले. वॉर्डात कोणीतरी किंचाळलं. कुसुमताई म्हणती तूच. मला तसं वाटत नाय.

रजा विचारली. संतोष म्हणला बोचकारल्याला रजा नाय, चावल्याला बघू.

५ मार्च, गुरुवार

घरी पण उलटं चालायची सवय लागली. किराणा दुकानातून उलटी निघाले, मागं अंड्यांचे ट्रे होते. दुकानदार म्हणला, वहिनी, मी एवढा मोठा माणूस नाय हो.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून उलटी बाहेर आले आणि सईच्या पप्पांच्या ताटात पाय पडला. ते खाली बसून जेवत होते. म्हणले, हर्षाली, तुला तिथं भीती वाटत असेल तर सोड काम, माझं कंपनीतलं भागवतंय. मी म्हणलं भीती? मला? वरण पुसून घेतलं.

८ मार्च, रविवार, रंगपंचमी

आज पण सटाणा राहिलं. माझी चूक नाय. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडले, अख्खं नाशिक रंगाच्या पाण्यात उड्या मारायला गेलं. कुसुमताईचा पोरगा रहाडीत पाय मुरगळून बसला, ती त्याला घेऊन दवाखान्यात. म्हणजे वॉर्डात मी एकटी. एकटी असलं की बाथरूमला पण जाता येत नाय. पाणी प्यायलेच नाय दिवसभर.

ड्रमभर डाळ मी एकटीनं वाढली. खरं म्हणजे भागीबाईनं रांग लावली, दुसऱ्या दोघींनी ताटं दिली, एकीनं केर काढला. मी दाराला टेकून उभी होते. माझ्या नजरेचा धाक हाय, दुसरं काय.

दुपारी नवीन पेशंट आणली. स्नेहल नाव. पिंपळगावकडची, माझ्याच वयाची. बाळंतीण. गाऊन पुढून ओला झालेला. तिला खिडकीखालची खाट दिली.

त्या कोपऱ्यात फिनेलचा लय वास येतो. मी तिकडं कमीच जाते.

१० मार्च, मंगळवार

छाया सिस्टर, म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टर, राउंडला आल्या. इंदिरानगरहून स्कूटीवर येतात. म्हणल्या, हर्षाली, तुझ्या ड्युटीला वॉर्ड शांत असतो गं, इंजेक्शन कमी लागतात. मी म्हणलं, सिस्टर, कंट्रोल हाय. त्या हसल्या. डे ड्युटी आता पक्कीच समजायची.

स्नेहल रडत नाय, बोलत नाय. तिच्या नवऱ्यानं बाळाचा फोटो दिलाय, तो ती उशीखाली ठेवत नाय, पायथ्याशी ठेवती. लांबून बघती.

मी चादर बदलायला गेले तर एकदम विचारलं, मावशी, तुम्हाला लेकरू हाय का.

नाय म्हणलं. घरचं काय सांगायचं नाय असा नियम हाय. नियम मी पाळते.

१३ मार्च, शुक्रवार

सिस्टर म्हणल्या स्नेहल जेवत नाय, तू भरव, तुझं ऐकतात. ताट घेऊन गेले. खाटेपर्यंत गेले. मग चमचा पडला. दुसरा आणला. तो पण पडला. आमच्याकडं चमचे प्लास्टिकचे हायत, हलके, हातात राहत नाय.

भागीबाई उठून आली. माझ्या हातातलं ताट घेतलं, स्नेहलजवळ बसली आणि नातीला भरवावं तसं भरवलं. वर म्हणली, खा गं माय, लेकराला आई लागती. स्नेहलनं खाल्लं.

म्हणजे मी काम सोपवलं आणि ते झालं. यालाच सुपरव्हिजन म्हणतात. ताट धुवायला नेलं तेव्हा नळापाशीच खाली बसले, उभं राहून राहून होतं ते. खुर्ची द्यायला पायजे मावश्यांना.

१५ मार्च, रविवार

सटाण्याला गेले नाय. काल रात्रपाळी लागली, सकाळी घरी आले, झोपले.

सईच्या पप्पांनी व्हिडिओ लावून दिला. सई आता मोबाईलमधून हात बाहेर काढायला बघती. म्हणलं रेंज नाय, बंद करा. ते म्हणले फुल रेंज हाय. मी म्हणलं तिकडची नाय.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

सुट्टी नाय. संतोष म्हणला, पेशंटला पाडवा कळत नाय. कुसुमताई म्हणली, आम्हाला कळतो ना, पण तू आम्हाला पण त्यांच्यातच धरतोस.

छाया सिस्टरनी साखरेच्या गाठी आणल्या. पण गाठी दोऱ्यात असतात आणि वॉर्डात दोरा चालत नाय. म्हणून बाहेर टेबलावर बसून सगळ्या गाठी दोऱ्यातून तोडल्या, परातीत घालून वाटल्या. दोरे सिस्टरनी स्वतःच्या पर्समध्ये टाकले.

मी निघाले तेव्हा भागीबाईनं आपली गाठी माझ्या हातावर ठेवली. म्हणली, प्रसाद हाय, लेकराला दे.

मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ब्लाऊजवरून, चालण्यावरून जुन्या बायकांना कळतं म्हणतात. मी गाठी डब्यात ठेवली. सईला पाठवीन. सईच्या पप्पांच्या हाती. मुंग्या लागायच्या आधी.

२४ मार्च, मंगळवार

आज वाईट झालं.

कुसुमताई सलग तिसरी पाळी करत होती, रिलीव्हर परत आली नव्हती. एका पेशंटनं गरम डाळीची वाटी तिच्यावर फेकली. कुसुमताईनं तिच्या थोबाडात मारली. आवाज झाला. सगळ्या बायकांनी डोक्यावर हात धरले, ज्यांच्या जवळ ती गेली पण नव्हती त्यांनी पण.

छाया सिस्टर दारातच होत्या.

नंतर कुसुमताई कपडे धुवायच्या जागी बसून रडत होती. मी गेले. तिच्या मानेला डाळीनं भाजलं होतं. खोबरेल लावलं. ती म्हणली, पहिल्या वर्षी मी पण तुझ्यासारखीच होते. लय घाबरायचे. मग भीती गेली. भीती गेली की हात उठतो गं, हर्षाली. तू अशीच भीत राहा.

मी म्हणलं, ताई, मी तर भीतच नाय.

ती रडता रडता हसली. इतकी हसली की मला राग आला. मी खोबरेल घेऊन निघून आले. मग परत गेले, तिला घरी जा म्हणलं, तिची पाळी मी ओढली. संतोषला फोन लावला आणि त्यानं ॲडजस्ट म्हणायच्या आत म्हणलं, उद्या रिलीव्हर आली नाय तर तू ये साडी नेसून. मग लगेच फोन बंदच करून ठेवला. त्यानं आवाज ओळखला असेल का.

२८ मार्च, शनिवार

सिस्टरनी केबिनमध्ये बोलावलं. मी साडी नीट केली. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, धाक, शिस्त, कंट्रोल.

त्या म्हणल्या, हर्षाली, एक तारखेपासून तुला डे ड्युटी फिक्स.

म्हणलं, माझा धाक बघून ना.

त्या म्हणल्या, धाक? वॉर्डातल्या बायकांना मी विचारलं, कोणती मावशी बरी. सगळ्या म्हणल्या ती भित्री, आम्हाला नमस्कार करून जाणारी. तिला काय करायचं नाय, ती आधीच थरथरती. म्हणून शांत असतात त्या. तुला सांभाळतात.

दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असेल त्यांनी. चाळीस बायका, प्रत्येकीचं वेगळं, गोंधळ होतो.

पुढं म्हणल्या, तशी डे ड्युटी कुसुमची होती. तिला ताकीद दिलीय आणि महिनाभर सलग पाळी द्यायची नाय असं ठेकेदाराला लिहून कळवलंय. तीच म्हणली, माझी पोरं मोठी झाली, रात्रपाळ्या मी करते, हर्षालीला दिवस द्या, तिचं लेकरू आईकडं पडलंय. मग कधी आणतीस लेकराला?

म्हणलं, लगेच.

घरी आले. सईच्या पप्पांना सांगितलं. ते उठले आणि कोपऱ्यातली जागा झाडायला लागले, सईचा पाळणा टांगायला. मी म्हणलं, आत्ताच कशाला, धूळ होती.

ठरलं. पाच तारखेचा रविवार.

१ एप्रिल, बुधवार

डे ड्युटी. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. आता कायच अडचण नाय. शेजारच्या सखुबाई दिवसभर सईला बघायला तयार हायत, सईच्या पप्पांनी परस्पर विचारून पण टाकलं. पुरुषांना घाई असती.

एक मात्र बघितलं. आपली खोली पत्र्याची, एप्रिलचं ऊन. सटाण्याला आईचं घर गार हाय.

३ एप्रिल, शुक्रवार

स्नेहल आता बोलती. जेवती. आज तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली. बाळाचा फोटो उशीखाली ठेवती. मला म्हणली, मावशी, उद्या घरचे न्यायला येणार. मला लय भीती वाटती. परत तसं झालं तर?

म्हणलं, काय नाय होत. गोळ्या घ्यायच्या, झोपायचं, कोणाला तरी सांगायचं. एकदा झालं म्हणजे परत होतंच असं नाय, डॉक्टर मॅडम म्हणतात. फटाफट बोलले. मला सगळं माहीत हाय त्यातलं.

४ एप्रिल, शनिवार

स्नेहलला न्यायला तिचा नवरा आणि सासू आले. वॉर्डात मूल आणत नाय, म्हणून बाहेरच्या व्हरांड्यात. छाया सिस्टरनी बाळ तिच्या मांडीवर दिलं. बाळ रडायला लागलं. सासू पुढं आली, सिस्टरनी तिला डोळ्यानंच थांबवलं. स्नेहल बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं बाळाचं टोपडं नीट केलं. कानावरून सरकलं होतं.

निघताना ती म्हणली, मावशी, जरा धरता का, चप्पल घालते.

म्हणलं, हात ओले हायत.

मग नळाखाली धरले.

सासूनं धरलं बाळ. गेले ते. भागीबाई खिडकीतून हात वर करून उभी होती, रिक्षा वळेपर्यंत.

५ एप्रिल, रविवार

गेले नाय. कारणं लिहून ठेवते म्हणजे नंतर कोणी विचारलं तर. एक, ऊन. दोन, घाटात मला मळमळतं. तीन, काल दिवसभर काम, अंग दुखतंय.

सईचे पप्पा म्हणले, मी आणू का? मी म्हणलं, तुम्हाला ओळखणार नाय ती. ते म्हणले, मी दर महिन्याला जातो हर्षाली. माझ्या खांद्यावर झोपती ती. तू दिवाळीपासून गेली नाहीस.

म्हणलं, मला कुठं सुट्टी होती.

म्हणले, नोकरी फेब्रुवारीत लागली.

मग मी भांडी घासली. घासलेली परत घासली.

८ एप्रिल, बुधवार

कुसुमताई दुपारी आली होती, रात्रीची असून. मानेवरचा डाग काळा पडलाय. माझ्यासाठी तिच्या नातवाची जुनी झबली, एक लाकडी भोवरा, असं काय काय. म्हणली, आणलीस का पोरगी? म्हणलं, रविवारी. म्हणली, कोणत्या?

मी झबली उलगडून बघितली. सईला लहान होतील. मोठी झाली असेल ती. असेलच.

भागीबाईला सांगितलं, रविवारी लेकीला आणायला चाललेय. तिनं डोक्यावर हात ठेवला. आज तिच्या खाटेजवळ मी बसले पण. खुर्ची नाय म्हणून.

१२ एप्रिल, रविवार

गेले. सटाण्याला जाऊन आले.

सकाळच्या गाडीनं निघाले. घाटात मळमळलं नाय. आईशी भांडायची सगळी तयारी केली होती. आई म्हणणार, पोर देणार नाय, तू एकटीनं कसं सांभाळशील, तुला आठवतं ना काय झालं होतं. मग मी म्हणणार होते, आई, मला डे ड्युटी हाय, चाळीस बायका सांभाळते मी, एक पोर सांभाळणार नाय का.

आई खळ्यावर होती, रविवार असून. उन्हाळी कांद्याचा एवढा ढीग, बायका गोल बसलेल्या, मधी सई. सईच्या पायात चप्पल नव्हती. केस वाढलेत. मी म्हणलं, आई, मला डे ड्युटी हाय.

आई म्हणली, ली जाय मग. मी कोठे धरी ठेयेल शे. पिशवी कधीची भरी ठेयेल शे.

घरी जाऊन पिशवी घेऊन पण आली. कपडे, दुधाची बाटली, एक कापडी बाहुली. चेन लावलेली.

मला वाटलं नव्हतं ती अशी लगेच हो म्हणेल. म्हातारपणी माणूस विचार करत नाय.

सई ढिगावरून घसरत खाली आली. माझ्याकडं बघितलं. एक कांदा माझ्या हातात दिला. मग दोन्ही हात वर केले.

मी उचलणारच होते.

पण दुपारची वेळ. ऊन केवढं. गाडी गच्च असणार, उभं राहून यावं लागलं तर पोरीला धरणार कसं. पिंपळगावला ट्रॅफिक. खोलीत पत्रा. सखुबाईंना परत एकदा विचारून घ्यायला पायजे होतं. हे सगळं मी आईला नीट सांगितलं, एकामागं एक. खळ्यावरच्या बायका निवडायच्या थांबल्या. सईचे हात वरच होते, मग खाली आले. ती परत ढिगाकडं गेली.

आई काय ओरडली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. जवळ येऊन हळूच म्हणली, तू आते बरी शे. मी सांगस ना तुले. जावाईबापूनं माले सगळं सांगेल शे, तू कोठे काम करस ते. तठे भ्याई नाहीस, मग आठे का भ्यास?

म्हणलं, भीत नाय मी. ऊन हाय.

आई म्हणली, बरं. पिशवी तरी ली जाय. ठेव घरमां. पुढला येळले फक्त पोर नेवानी राही.

पिशवी घेतली.

स्टँडवर आले तर गाडी मोकळी. अर्ध्याच्या वर सीटा रिकाम्या. खिडकीजवळ बसायला गेले आणि मग पिशवी खिडकीशी ठेवली, मी अलीकडं बसले. झडप खाली ओढली, ऊन येत होतं तिकडून.

देवळ्याला गाडी भरली. एक बाई आली, हातात ओझं, म्हणली, ताई, पिशवी मांडीवर घेता का, इथं कोणी बसलंय का?

मी म्हणलं, हाय. लेकरू हाय.

ती पिंपळगावपर्यंत उभी राहिली.